चित्रात हात तुटतात

फोन उचलला गेला, अकरा सेकंद चालू राहिला आणि बंद झाला. त्या अकरा सेकंदांत कानसेनला काहीही ऐकू आलं नाही.

इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात तक्रारीचा कागद. कंपनीचा नियम सरळसोट होता. घरी जाण्याआधी ग्राहकाला तीनदा फोन करायचा. कुणी बोललं नाही तर कागदावर ‘ग्राहकाचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारायचा आणि तक्रार बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या या घराची ‘नेट फार हळू चालतं’ ही तक्रार याआधी चार वेळा आली होती. तीनदा ती याच शेऱ्यानं बंद झाली होती आणि एकदा कुणीतरी वर जाऊन ‘लाइन ठीक आहे’ असं लिहून आला होता. कानसेनचा हा तिसरा फोन होता. दुसऱ्या कुणी शेरा मारून केव्हाच पुढचं घर गाठलं असतं.

पण कानसेनचं दुखणं वेगळं होतं. फोन त्यानं सवयीनं उजव्या कानाला लावला होता, आणि गेली दोन वर्षं तो उजवा कान फितूर झाला होता. पलीकडे कुणी बोललंच नाही, की बिचारं कुणी ‘हॅलो हॅलो’ करून कंटाळलं आणि आपल्यालाच ऐकू आलं नाही, हे त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

आणि सांगणार कुणाला? ज्या माणसाला सगळं ऑफिस कानसेन म्हणतं, त्याचा कान गेला हे सांगायला वाघाचं काळीज लागतं. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं लोक गमतीत म्हणतात. हा खरोखरचा झाला होता. तांब्याच्या तारांचे टेलिफोन होते त्या काळात तो कामाला लागला. खांबावर चढायचं, तारेला तपासणीचा फोन जोडायचा आणि नुसतं ऐकायचं. खरखर असेल तर जोडात पाणी शिरलंय, घूंऽऽ आवाज असेल तर विजेची तार जवळून गेलीय, टकटक असेल तर कुठंतरी तार सैल आहे. यंत्र घेऊन आलेले इंजिनियर पाऊण तास घालवत, आणि हा डोळे मिटून सांगे, “तिसऱ्या खांबाच्या पुढं, डाव्या हाताला.” सांगेल तिथंच बिघाड निघे. मग काचेचे धागे आले. त्यांतून उजेड जातो, आणि उजेडाला आवाज नसतो. कानसेनच्या कानांना काही कामच उरलं नाही. कानही मग मानी निघाला, आपल्या पायानं निघून गेला.

खिशातला फोन थरथरला. ऑफिसमधून साहेब.

“काय हो कानसेन, झाले का तीन फोन?”

“झाले साहेब. पण उचलतायत.”

“बोलतायत का?”

“नक्की सांगता येत नाही.”

“म्हणजे काय? अहो, मारा शेरा आणि मोकळे व्हा. पाच घरं बाकी आहेत तुमची.”

“एकदा वर जाऊन बघतो. आलोच आहे तर.”

“बघा बाबा. तुम्ही ऐकणार थोडेच आहात!” साहेब म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दारावरचं बटण कानसेननं दाबलं. आत घंटी वाजली नाही. त्यानं पुन्हा दाबलं. काही नाही. डावा पण गेला की काय? त्यानं घाईघाईनं पिशवीतले पाने एकमेकांवर आपटले. खण्ण! आलं बुवा ऐकू. तेवढ्यात दाराखालच्या फटीतून पांढरा उजेड दोनदा लुकलुकला आणि दार उघडलं.

दारात एक आजी उभ्या होत्या. गळ्यात शिंप्यांची मोजपट्टी, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी कानसेनच्या पिशवीकडे पाहिलं, खुशीत आल्या, आणि मग कानाकडे बोट दाखवून नकारार्थी पंजा हलवला.

हिला कसं कळलं, या विचारानं कानसेन दारातच थिजला. मग आजींनी तोच पंजा स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. आजी स्वतःच्या कानांबद्दल सांगत होत्या. त्याला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

आतली खोली नीटनेटकी होती. एका कोपऱ्यात शिवणाचं मशीन. खिडकीपाशी खुर्चीत आजोबा बसलेले, दोन्ही हात मांडीवर, एकाखाली एक दाबून ठेवलेले. त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, शिशाच्या अक्षरांचा एक लाकडी खणांचा ट्रे टांगला होता. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. यंत्रांच्या धडधडाटात बाकीचे कामगार बहिरे होत होत निवृत्त झाले, हे मुळातच बहिरे, म्हणून जसे गेले तसेच परत आले. आजोबांनी कानसेनला एकदा मान लववली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. ही तक्रार काही त्यांची दिसत नव्हती.

आजींनी एक पाटी काढून त्यावर लिहिलं, ‘नेट हळू. चित्रात हात तुटतात. आज चार वाजता पाहिजे.’ ‘चार’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

हात तुटतात म्हणजे काय, ते कानसेनला लागलीच कळलं नाही. तेवढ्यात टेबलावरचा टॅब लुकलुकू लागला. आजींनी तो उचलून उभा केला. पडद्यावर चौकोन चौकोन जमले, त्यातून एका बाईचा चेहरा तयार झाला आणि तिथंच गोठला. आवाज मात्र लख्ख आला.

“कोण, लाइनवाले काका का? आले एकदाचे! मी यांची मुलगी. मला ऐकू येतं, तुम्ही बोला खुशाल.”

“बोला ताई. आवाज एकदम चांगला येतोय की तुमचा.”

“तेच तर!” ती उसळून म्हणाली. “तुमचे लोक तेच म्हणतात, आवाज येतोय म्हणजे लाइन ठीक आहे. अहो काका, माझ्या आईबाबांनी आवाजाचं काय लोणचं घालायचं? आमचं बोलणं हातांचं. चित्र थांबलं की शब्द थांबला. निम्मा हात दिसतो, निम्मा दिसतच नाही. आईनं ‘जेवलीस का’ विचारलं की मला ‘पडलीस का’ असं दिसतं.”

“मग तक्रारीत लिहायचं ना, ऐकू येत नाही म्हणून.”

“चारही वेळा लिहिलं! आता पाचव्यांदाही लिहिलंय.”

कानसेननं हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर तक्रारीच्या पहिल्या दोनच ओळी छापून येतात. हे त्याला माहीत होतं, आणि आजवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“माझाच नंबर दिला असता,” ती सांगत होती, “पण परदेशातला नंबर तुमच्या फॉर्ममध्ये बसत नाही. तुमचा फोन लुकलुकला की आई उचलते. बोलता येत नाही तिला, पण घरात कुणीतरी आहे एवढं तरी कळावं म्हणून उचलते.”

ते अकरा सेकंद कानसेनला आठवले. तो आजींकडे बघायला धजला नाही.

“आणि आज चारला काय आहे?”

पडद्यावर गोठलेला चेहरा बदलला नाही, पण आवाज मऊ झाला. “माझी मुलगी तीन महिन्यांची झाली. कागदावरचं नाव आहे तिला. पण हातातलं नाव नाही. हातातलं नाव ज्याला ऐकू येत नाही त्यानंच द्यायचं असतं. समोरच्या माणसाकडे बघून, त्याच्यातलं काहीतरी उचलून एक खूण करायची, बाळाच्या आईनं ती परत करून दाखवायची, की ते नाव झालं. बाबांनी महिनाभर तिचे फोटो बघून नाव शोधलंय. दोनदा ठरवलं, दोनदा चित्र तुटलं. मी म्हटलं, व्हिडिओ काढून पाठवा. तर म्हणाले, नाव काय पोस्टानं पाठवतात? डॉक्टर वर्षभर प्रवास करू नका म्हणतात, नाहीतर मीच आले असते. उद्यापासून मी कामावर जाणार, मग बाळ जागं असेल तेव्हा मी घरी नसणार.”

“चारला अजून पावणेदोन तास आहेत,” कानसेन म्हणाला. “माझ्या हातून सुटलेला बिघाड नाही आजवर.” असं तोऱ्यात तो कितीतरी वर्षांत बोलला नव्हता.

जिन्यातली पेटी उघडून त्यानं धाग्यातला उजेड मोजला. भरपूर होता. म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत सगळं आलबेल. आत येऊन खोलीत नेटचा वेग पाहिला, तर शंभराच्या जागी दोन. म्हणजे चोर घरातच होता. बारीक पांढरी तार भिंतीच्या कडेनं जात होती. तो तिच्या मागं मागं गेला. तार झोपायच्या खोलीत शिरली, लोखंडी कपाटामागं गेली आणि पाठीला पाडलेल्या भोकातून आत दिसेनाशी झाली. कानसेननं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, घड्या घातलेल्या चादरींखाली, राउटर गरम होऊन पडला होता.

आता ‘लाइन ठीक’ लिहिणाऱ्याचं गूढ उकललं. त्यानं कपाट उघडलं, राउटरला वायर लावून वेग पाहिला, तो शंभर भरला. कपाट लावलं आणि गेला. लोखंडाच्या पेटीत कोंबलेलं वायफाय बाहेर येणार कुठून, हे बघायला तो थांबला नाही.

पण तो तिथं ठेवला का? कानसेननं पाटीवर तसं विचारलं. आजींनी कपाळाला आठी घालून लिहिलं, ‘हा सारखा ओरडतो.’

ओरडतो? कानसेननं डावा कान राउटरला लावला. राउटर गप्प होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून आजींना हसू आलं. त्याला हाताला धरून त्यांनी बाहेरच्या खोलीत नेलं आणि भिंतीवरचे तीन दिवे दाखवले. पांढरा, तो दाराचा. लाल, तो स्वयंपाकघरातल्या गॅसचा. पिवळा, तो कुणाला बरं वाटत नसेल तर उशापाशी दाबायच्या बटणाचा. त्या घरात दिवा लुकलुकला म्हणजे कुणीतरी बोलावतंय. आणि या राउटरचे हिरवे दिवे दिवसाचे चोवीस तास लुकलुकत होते. कुणी नसताना कुणीतरी हाका मारत राहावं, तसं. म्हणून त्यांनी त्याला कपाटात कोंडलं होतं.

आयुष्यभर आवाज ऐकत आलेल्या कानसेनला हा आवाज आज पहिल्यांदा दिसला. तो त्या तीन दिव्यांकडे बघत राहिला.

मग त्यानं भराभर हात चालवले. तार मागं ओढून घेतली, राउटर बैठकीच्या खोलीत, उंच फळीवर बसवला. ओढाताणीत धागा कुठं मोडला तर नाही ना, हे बघायला त्यानं पेनासारखी बॅटरी काढून एका टोकातून तांबडा उजेड सोडला. दुसऱ्या टोकाला, केसाएवढ्या काचेच्या तोंडाशी, तांबडा थेंब उभा राहिला. आजींनी हाताची ओंजळ पुढं केली आणि थेंब ओंजळीत घेतला. खिडकीजवळचे आजोबासुद्धा पहिल्यांदाच खुर्चीतून उठून आले. खिळ्याची अक्षरं ओळखणारी नजर त्यांनी त्या टोकाकडे लावली.

‘यातून ती येते?’ आजींनी लिहिलं.

कानसेननं मान हलवली. तारेतून आवाज जात होता, तेव्हा त्यानं गावभर फोन बसवले होते. या घरात तेव्हा फोन लागला नसणार, कारण उपयोगच नव्हता. या माणसांचं बोलणं मुळातच उजेडाचं. ज्या धाग्यानं आपले कान निकामी केले म्हणून तो इतकी वर्षं मनात कुढत होता, तो धागा जणू यांच्यासाठीच ओढला होता.

शेवटी त्यानं काळी चिकटपट्टी काढली आणि राउटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवर चिकटवून टाकली. आजींनी ओठांवर बोट ठेवून राउटरला दटावल्यासारखं केलं. आजोबांनाही हसू फुटलं, पण लगेच ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. दोन्ही हात मांडीवर, एकाखाली एक.

चारला टॅब लुकलुकला. या वेळी चौकोन जमलेच नाहीत. एकदम माणूसच आलं. मुलीच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ होतं, डोळे टक्क उघडे. मागं खिडकीचा पडदा, त्यावरची बारीक फुलं मोजता यावीत इतकं स्वच्छ. आजींचे हात सुटले ते सुटलेच. पलीकडून मुलीचा एक हात बाळाला धरून, दुसरा बोलत. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्याच खोलीत नुसता कल्लोळ चालला होता. कानसेन पिशवी आवरायची सोडून बघत उभा राहिला. एवढं बोलणं त्यानं कुठल्याच तारेवर ऐकलं नव्हतं.

“काका, थांबा हं,” मुलगी म्हणाली. “मध्येच तुटलं तर?”

मग आजींनी आजोबांच्या खांद्यावर थाप मारली. आजोबा हलेनात. आजींनी पुन्हा थाप मारली. आजोबा टॅबसमोर येऊन बसले, आणि खूप वेळानं त्यांनी हात वर उचलले. मुलीनं कपाळ आक्रसलं.

“काका, अजून चित्र हलतंय का हो?”

कानसेननं पाहिलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत या खोलीचं चित्र दिसत होतं. मागची भिंत स्थिर, टांगलेला ट्रे स्थिर, आजींच्या गळ्यातली मोजपट्टीसुद्धा स्थिर. फक्त आजोबांची बोटं थरथरत होती.

कामाला लागल्यापासून हजारो लोकांना त्यानं ‘लाइन ठीक आहे’ असं सांगितलं होतं. ते सांगणं इतकं जड असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“नाही ताई,” तो म्हणाला. “लाइन ठीक आहे. चित्र स्थिर आहे.”

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. आजोबांचे हात परत मांडीवर गेले. आजींनी पाटी ओढली आणि कानसेनलाच दाखवावं तसं लिहिलं, ‘यांचे हात थरथरतात, सहा महिने झाले. लेक घाबरेल म्हणून सांगू देत नव्हते. नेट खराब आहे म्हणायचे. तक्रार मी करायला लावली.’

कानसेननं आजोबांकडे पाहिलं, आणि आपला उजवा कान त्याला एकाएकी गरम झाल्यासारखा वाटला. एक माणूस तुटक्या चित्राआड हात लपवून बसला होता, आणि दुसरा आपल्याच नावाआड कान. बिघाड शोधायला कोण कोणाकडे आलं होतं, देव जाणे.

मुलीनं डोळे पुसले. बाळाला नीट उभं धरून तिनं वडिलांना काहीतरी म्हटलं. लहानसंच, दोन बोटांचं. आजोबांनी नाही म्हटलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. मग आजोबांनी उजवी मूठ वळून कानाशी नेली. फोटोत ते बाळ तशीच मूठ कानाशी धरून झोपलेलं असायचं. आणि ती मूठ त्यांनी हळूहळू उघडली. बोटं एकेक करून सुटली, आणि सुटताना थरथरली.

पलीकडे मुलीनं मूठ कानाशी नेली, उघडली, आणि बोटं थरथरवली.

आजोबांनी जोरजोरानं मान हलवली. ते नाही, ते नाही. थरथर नावात नाही, ती माझी. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट करकचून धरलं आणि खूण पुन्हा केली, स्थिर करायची शिकस्त करत.

मुलीनं पुन्हा मूठ उघडली. पुन्हा तशीच, थरथरत्या बोटांची. हात बोलत असताना ती सवयीनं तोंडानंही बोलत होती, म्हणून ते कानसेनला ऐकू आलं.

“नाही बाबा. तुम्ही जसं केलंत, तसंच. हिचं नाव असंच आहे.”

आजोबा बघत राहिले. मग मनगट धरलेला डावा हात त्यांनी सोडून दिला आणि नाव तिसऱ्यांदा घेतलं. बाळाची नजर त्यांच्या बोटांवरून हलत नव्हती. कानसेनला दोन मुलं, तीन नातवंडं. नाव ठेवताना तो कितीदा हजर होता. पण नाव ठेवताना त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याला हात जोडावेसे वाटले.

जिना उतरून त्यानं कागदावर लिहिलं, ‘राउटर कपाटात होता, बाहेर काढला. वेग शंभर. या घरी फोन करू नये. वर जाऊन दाराचं बटण दाबावं, त्यांना दिसतं.’ मग शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी घरी तो कोचावर टेकला. बायको मटारच्या शेंगांचं ताट घेऊन आली आणि नेहमीसारखी त्याच्या डावीकडे बसली.

“अगं,” तो म्हणाला, “माझा उजवा कान गेलाय बहुतेक.”

“बहुतेक काय त्यात?” शेंग सोलत ती म्हणाली. “दोन वर्षं मी डावीकडे बसतेय, ती काय हवा खायला?”

“मग बोलली नाहीस ती?”

“तुम्ही बोलायची वाट बघत होते.”

शेंगा फुटायचा आवाज त्याला येत होता, डाव्या कानाला. मग त्यानं उजवी मूठ कानाशी नेली आणि हळूहळू उघडली.

“हे आणि काय?”

“एका मुलीचं नाव आहे.”

तिनं ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, मूठ कानाशी नेऊन उघडली. “असं?”

“नाही,” तो म्हणाला. “उघडताना जरा थरथरतं.”

तिनं पुन्हा केलं.